उणे एक लांबीची रांग

बत्तीस खण.
मोजायचे उजवीकडून, आणि शून्यापासून.
नव्या मुलांना हे सांगताना
मी अजूनही हवेत उलटी बोटं मोडते.

अकरापासून आठपर्यंतचे चार खण पडद्याचे :
वीज आल्यावर उजळण्याआधी
किती थांबायचं, ते तिथे लिहायचं.
लिहायचं मास्कमधून.
मास्क म्हणजे भोकं पाडलेला पुठ्ठा,
भोकाखाली येईल तेवढाच रंग उतरतो,
शेजारच्या खणाला शिंतोडा लागत नाही.

मॅक्रोला मोठा आकडा आधी लागतो.
मी आठ आधी लिहिला, मग अकरा.
आठ ते अकरा. माणसं असंच बोलतात,
बँकेच्या पाटीवरही असंच असतं.

पुठ्ठ्याला एकही भोक पडलं नाही.

कुणी ओरडलं नाही. शून्य कुणाला नडत नाही.
मी थांबायला सांगितलेले बारा ठोके
पुठ्ठ्यावरच वाळून गेले
आणि पडदा न थांबता उजळत राहिला,
सात वर्षं.
रोज विश्वामित्रीचा पूल ओलांडते मी.
पाणी संथ दिसलं की इथले लोक
कठड्याशी थांबून मगर शोधतात.
मला कामाला उशीर होत असायचा.

यंदा फाल्गुनीने मॅक्रोच्या पोटात एक ओळ घातली.
कारेलीबागेतल्या आमच्या वरच्या मजल्यावर,
सेवउसळ निवत असताना, मला समजावलं :
आकडे उलटे आले, तर ही ओळ कंपायलरला म्हणते,
उणे एक लांबीची रांग लाव.
कंपायलर अशी रांग लावत नाही.
तो तिथेच बसतो.

आणि आकडे सरळ असले तर?
तर ती शून्य मिळवते आणि निघून जाते.
तयार कोड उघडून पाहा, तिचं पाऊलही सापडणार नाही.

मला आमचा गॅसवाला मेलाभाई आठवला.
उंबऱ्यातच टोपी काढून
नळीच्या तोंडावर ओंजळभर पाणी ओततो,
बुडबुडा आला तर बाटला जिन्यावरूनच परत.
नाही आला, तर पाणी वाळतं.
आत काय शिजणार, कोण ते उतू घालणार,
हे त्याला ठाऊक नसतं. त्या ओळीलाही नाही.
आधीच ठरून गेलेलं तेवढंच तिला दिसतं,
चालता चालता येणाऱ्या आकड्यांपुढे ती गप्प.

रात्री पावणेदोनला सगळं पुन्हा बांधायला घेतलं.
सतरा ठिकाणी अडलं.
सोळा इतरांची. मनात बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू.
सतराव्याला माझं नाव.

आकड्यांची जागा बदलली. दोन शब्द, एक स्वल्पविराम.
टेबलावरचा पडदा काळाच राहिला.
फाल्गुनीने माझ्याकडे पाहिलं.
मी मोजत होते,
आणि बाराव्याला तो आला,
सावकाश, न लवता.

न लवता.
तेव्हा पादऱ्याच्या त्या सोनोग्राफी केंद्राची तक्रार
कुठल्या कुठून वर आली.
नीलोफरबेन, सहा वर्षांपूर्वी :
"सुरू होताना पडदा डोळा मारतो.
पेशंट बायका हसतात, काही घाबरतात."
आम्ही कळवलं होतं, केबल बदला.
त्यांनी बदलली.
पुन्हा लिहिलं. पुन्हा कळवलं, केबल बदला.
तिसऱ्यांदा त्यांनी लिहिलं नाही,
आणि आम्ही तक्रार मिटली अशी नोंद केली.
ती नोंदही माझीच.

सकाळी त्यांना पत्र लिहायला बसले.
मास्क, खण, उलटे आकडे, सगळं लिहिलं, सगळं खोडलं.
उरलं एवढंच : चूक केबलची नव्हती. माझी होती.
सोबत दुरुस्ती पाठवली.

चार दिवसांनी उत्तर आलं, गुजराती वळणाच्या मराठीत :
"आता आधी थांबते, मग येते. सरस.
तीन केबल चांगल्या हालतीत खिळ्याला टांगलेल्या आहेत.
परत मोकलू का?"